रिपोर्ट लिंकवर येईल

नाशिकला मुंबई नाक्याजवळच्या एका स्कॅन सेंटरमध्ये मी सीटीच्या मशीनवर काम करते. पेशंटला पाटावर झोपवायचं, श्वास धरायला सांगायचं, काचेच्या अलीकडे येऊन बटणं दाबायची आणि फोटो निघाले की पुढच्याला हाक मारायची. फोटोत काय दिसतंय ते सांगायचं काम माझं नाही. ते रेडिओलॉजिस्टचं. आमच्याकडे ते काम सर करायचे. सेंटर उघडलं त्या दिवसापासून ते तिथे होते. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांचे केस पांढरे व्हायला लागले होते.

मी मूळची मनमाडची. लग्न होऊन पंचवटीत आले आणि वर्षभरात ही नोकरी मिळाली. पहिल्याच महिन्यात सरांनी मला आत बोलावलं आणि स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, “हे तू काढलंस?”

मला वाटलं काहीतरी चुकलं. म्हटलं, “हो सर.”

“काढलंस चांगलं. पण बघितलंस का?”

ते म्हणाले, “नुसतं काढू नकोस, बघत जा. तुला रिपोर्ट लिहायचा नाहीये. पण समोर काय आलंय ते कळायला काय हरकत आहे?”

तेव्हापासून दुपारी गर्दी ओसरली की ते मला शेजारी बसवून दाखवायचे. हे लिव्हर, ही किडनी, ही रक्ताची मोठी नळी, आणि हे जे इथे दिसतंय ना, ते इथे असायला नको. मी शिकत गेले. पुढे पुढे असं झालं की पेशंट अजून पाटावर असायचा आणि मला काचेतून त्याचे तळपाय दिसत असायचे, आणि मला कळलेलं असायचं. हे कळणं काही सुखाचं नव्हतं. पण सर होते तोवर ते माझ्या एकटीवर नसायचं.

कारण वाईट रिपोर्ट असला की सर तो कधी खिडकीतून द्यायला सांगत नसत. स्वतः उठून बाहेर यायचे. वेटिंगमध्ये पेशंटबरोबर कोण आलंय ते बघायचे, त्या माणसाला बाजूच्या लहान खोलीत न्यायचे आणि समोर बसून पहिला प्रश्न विचारायचे, “घरी कोण कोण असतं?” माणूस सांगत बसायचा, आई असते, भाऊ वेगळा राहतो, मुलगी बारावीला आहे. सर ऐकून घ्यायचे आणि मग सांगायचे. किती सांगायचं, ते त्या उत्तरावरून ठरवत असावेत. दार लोटलेलं असायचं तरी आतलं थोडंफार ऐकू यायचं. रडणं यायचं, कधी नुसतीच शांतता. मग सरांचा आवाज, अगदी सपाट, उद्या कुठल्या डॉक्टरकडे जायचं, सोबत काय न्यायचं. बाहेर बाकीचे पेशंट खोळंबलेले. रिसेप्शनवरच्या मुली हळूच घड्याळाकडे बघायच्या.

ह्या सगळ्यात वेळ जायचा, हेही खरं आहे. सकाळी काढलेल्या स्कॅनचा रिपोर्ट संध्याकाळी मिळायचा, कधी दुसऱ्या दिवशी. सर सटाण्याला कुणाच्या लग्नाला गेले की रिपोर्ट थांबलेच. हॉस्पिटलांचे फोन यायचे, ऑपरेशनसाठी पेशंट टेबलावर घ्यायचाय, रिपोर्ट कुठे आहे. लोक चिडायचे, आणि ते काही चुकीचं नव्हतं.

मग आमचा सर्व्हर बसला.

जिन्याखालच्या खोलीत तो ठेवलेला होता. खोली कसली, फरशी पुसायच्या बादल्या आणि जुने पंखे ठेवायची अडगळ. तिथे एक एसी लावलेला होता. मे महिन्यात एका शनिवारी तो बंद पडला आणि सोमवारी आम्ही दार उघडलं तेव्हा आतून भट्टीसारखी हवा आली. डिस्क गेली होती. बॅकअप घ्यायची वेगळी डिस्क होती, पण ती कित्येक महिने नुसतीच जोडलेली होती; तिच्यावर काही उतरतच नव्हतं आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मुंबईला पाठवून बघितलं. थोडं मिळालं, बाकीचं गेलं. इतक्या वर्षांत त्या मशीनखालून गेलेल्या माणसांचे फोटो, ज्यांतले कितीतरी मी स्वतः काढलेले, एका सुट्टीत नाहीसे झाले.

त्याचा अर्थ मला लगेच कळला नाही. कळला तो ओझरच्या एका बाईमुळे. तिचं कॅन्सरचं ऑपरेशन होऊन गेलेलं होतं आणि ती तपासणीचा स्कॅन करायला आली होती. छातीच्या फोटोत एक बारीकसा ठिपका दिसला. आधीच्या स्कॅनमध्ये तो होता का? होता तर काळजी नको, नव्हता तर आजार परतला. आधीचा स्कॅन आमच्याकडेच झालेला. सरांनी जुना फोटो मागितला आणि तो नव्हता. तिला दिलेल्या फिल्म तिच्या घरी पत्र्याखाली उकाड्याने एकमेकींना चिकटून गेल्या होत्या. सर तिला म्हणाले, “तीन महिन्यांनी परत या, तेव्हा कळेल.” ती म्हणाली, “तीन महिने मी काय करू डॉक्टर?”

त्याच दिवशी सर मालकांच्या मुलाच्या खोलीत गेले. मालक स्वतः डॉक्टर, पण वयामुळे त्यांनी लक्ष घालणं सोडलं होतं. कारभार मुलगा बघायचा. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. दादा पुण्याला शिकलेला, तिथल्या एका कंपनीत काही वर्षं काम करून परत आलेला. क्लाउडचं तो आधीपासूनच बोलत होता, आणि सर नको म्हणत होते. त्या दिवशी सर दारात उभं राहूनच म्हणाले, “तू म्हणतोस ते कर. हे असं परत व्हायला नको.”

हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढे लोक म्हणाले की दादाने सरांना घालवलं. तसं झालेलं नाही.

दादाने आम्हाला एकत्र बसवून समजावलं. आपण सर्व्हर विकत घ्यायचा नाही. मोठ्या कंपन्यांनी ठिकठिकाणी हजारो सर्व्हर मांडून ठेवलेत, ते कायम थंड ठेवतात, एकाच फोटोच्या प्रती दोन-तीन गावांत ठेवतात, एक जळलं तर दुसरीकडे असतंच. आपण त्यातली लागेल तेवढी जागा वापरायची आणि लाइटबिलासारखे वापरू तेवढेच पैसे भरायचे. उद्या सेंटर वाढलं तर जागा वाढवायची, कमी झालं तर कमी करायची. आणि फोटो एकदा तिथे गेला की तो आपल्या चार भिंतींत अडकलेला राहत नाही. पेशंट मुंबईला दाखवायला गेला तर तिथला डॉक्टर तोच फोटो उघडू शकतो. आपले सर घरी बसून बघू शकतात. आणि सर नसतील तेव्हा दुसऱ्या शहरातला डॉक्टर बघू शकतो.

शेवटचं वाक्य त्याने साधेपणानेच म्हटलं. सरांनी मान हलवली.

मला ते काम आवडलं, हेही सांगायला हवं. जिन्याखालची खोली रिकामी झाली. फोटो निघाले की आपोआप वर जायचे. फिल्म काढायच्या, पाकिटात घालायच्या, पाकिटं हरवायची, ते सगळं संपलं. पेशंटच्या मोबाईलवर एक लिंक जायची, ती दाबली की फोटो आणि रिपोर्ट. दादाने वर्षभरात घोटीला छोटं सेंटर काढलं. मशीन होतं, दोन टेक्निशियन होते, डॉक्टर नव्हता. त्या मुलांना शिकवायला मी आठवडाभर जाऊन राहिले. भाताच्या गिरण्यांच्या मागच्या गल्लीत ते सेंटर होतं. तिथे पहिल्याच दिवसांत हायवेवर अपघात झालेला एक ट्रक ड्रायव्हर आणला होता. डोक्याचा स्कॅन आम्ही काढला, कुठल्या तरी शहरातल्या डॉक्टरने तो लगेच उघडला आणि फोन करून सांगितलं, मेंदूत रक्त साचतंय, थांबवू नका, नाशिकला हलवा. तो वाचला. पूर्वी तो घोटीतच डॉक्टरची वाट बघत राहिला असता. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून क्लाउडला शिव्या देणाऱ्यांत मला बसता येत नाही.

सरांचं मात्र हळूहळू झालं. त्यांना घरून बघण्यासाठी लॉगिन दिलं होतं. आलेल्या केस एका यादीत दिसायच्या आणि जो आधी उघडेल त्याची ती केस. त्या यादीवर आता देशभरातले डॉक्टर होते. तरुण, झपाट्याने वाचणारे. सर एक फोटो दोनदा बघायचे, मागे जायचे, जुन्या फोटोशी ताडून बघायचे, मग लिहायला घ्यायचे. त्यांचा एक होईपर्यंत बाकीच्यांनी यादी साफ केलेली असायची. दादाने काही केस फक्त त्यांच्यासाठी राखून ठेवायला सुरुवात केली. मग हॉस्पिटलांच्या तक्रारी आल्या की ह्या राखीव केसनाच उशीर का होतो. कधी कधी सर मला फोन करायचे, “अगं, त्या सकाळच्या पेशंटचं काय झालं? मी उघडायला गेलो तर गेलेली होती केस.” मी म्हणायचे, “रिपोर्ट झाला सर.” “काय आलं?” मी सांगायचे. “बरोबर आहे,” म्हणायचे आणि ठेवायचे.

मग फोन यायचे थांबले. त्यांच्या खोलीत दादाने ब्लड कलेक्शनची खुर्ची ठेवली. कुणी त्यांना जा म्हटलं नाही, कुणी निरोप समारंभही केला नाही. करायचा कधी, तेच कुणाला कळलं नाही.

त्यानंतर साधारण वर्षाने एका दुपारी ते पेशंट म्हणून आले.

मी आत होते. रिसेप्शनवरची मुलगी नवी होती, तिने त्यांना ओळखलं नाही. नाव विचारलं, वय विचारलं, मोबाईल नंबर विचारला. बरोबर त्यांची बायको होती. मॅडम हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. फोन, बँक, गॅसचं बुकिंग सगळं त्याच बघायच्या, म्हणून नंबर त्यांनी स्वतःचा दिला. हे मला नंतर कळलं.

यादीत नाव वाचलं आणि मी बाहेर धावले. सर बाकावर बसले होते. शर्ट खांद्यावर लटकल्यासारखा. डोळ्यांतला पिवळेपणा मला दारातूनच दिसला. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाले, “अगं, राहू दे. मशीन रिकामं आहे का?”

“आहे सर. तुम्ही फोन करायचा ना, मी थांबवून ठेवलं असतं.”

“कशाला? नंबराने आलोय.”

मी त्यांना पाटावर घेतलं. हातात सुई लावताना विचारलं, “कधीपासून आहे?” ते म्हणाले, “महिना झाला. पाठ दुखतेय, जेवण जात नाही. कावीळ आता दिसायला लागली. मला अंदाज आहे गं. तू नीट काढ.” इतक्या वर्षांत आम्ही हजारो माणसांना श्वास धरायला सांगितला, त्या दिवशी मी माइकवरून ते सरांना सांगितलं. त्यांनी इतका नेमका धरला की एकही फोटो हलला नाही.

फोटो स्क्रीनवर यायला लागले. मी बघत होते. त्यांनीच शिकवलेलं होतं, त्यामुळे न बघता राहणं मला जमणार नव्हतं. पॅनक्रियाजच्या डोक्याशी गाठ होती. लिव्हरमध्ये काळे डाग होते, एक नाही, बरेच.

ते कपडे नीट करून आत आले. मी खुर्चीवरून उठले. काही न बोलता ते बसले आणि माऊस हातात घेतला. वरून खाली गेले, खालून वर आले. नेहमीसारखं दोनदा. गाठीपाशी थांबून मोजमाप घेतलं. फुप्फुसं बघितली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. कुणा दुसऱ्याचा फोटो बघताना असायचा तसाच चेहरा. मग माऊस सोडला आणि म्हणाले, “पसरलंय.”

मी म्हटलं, “सर.”

“मला साधारण माहीतच होतं. आता एक कर. रविवारी हिच्या भाचीचा साखरपुडा आहे. घरचं सगळं हिनेच ठरवलंय, आठ दिवस तेच चाललंय. तो होऊ दे. सोमवारी मी सांगतो हिला. आज बाहेर आपण एवढंच म्हणायचं की रिपोर्ट यायला वेळ लागेल.”

“सर, रिपोर्ट लगेच येतो आता. मोबाईलवर जातो.”

“माझा मोबाईल घरी आहे. साधाच आहे तो.”

मी नोंदणी उघडून नंबर वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटले. “हिचा आहे,” म्हणाले. “थांबवता येईल?”

स्क्रीनवर त्यांच्या नावापुढे खूण आलेली होती. म्हणजे कुठेतरी कुणीतरी ती केस उघडलेली होती. मी बाहेरच्या डॉक्टरांची ती यादी चालवणाऱ्या कंपनीच्या नंबरवर फोन लावला. एका मुलीने हिंदीत विचारलं, केसमध्ये काही चूक आहे का. मी म्हटलं, चूक नाही, फक्त रिपोर्ट आत्ता पाठवू नका. ती म्हणाली, “मॅम, डॉक्टर पढ़ रहे हैं, हम बीच में रोक नहीं सकते. आपके ॲडमिन से बोलिए.” ॲडमिन म्हणजे दादा. दादा मुंबईत होता. त्याने पहिल्याच रिंगला उचललं. मी भराभरा सांगितलं. दादा लहानपणापासून सरांच्या अंगाखांद्यावर खेळलेला. मग म्हणाला, “ताई, मी नंबर बदलतो. मोबाईलवरून उघडतो. थांबा.” त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. कोड आलाय म्हणाला, टाकतोय म्हणाला.

आणि सरांच्या नावाची ओळ हिरवी झाली. रिपोर्ट गेला होता.

मी “दादा” म्हटलं आणि त्याला कळलं. तो तिकडून “सॉरी ताई, सॉरी” म्हणत राहिला. सर म्हणाले, “ठेव फोन. त्याला म्हणावं, राहू दे.”

मग त्यांनी माझ्याच स्क्रीनवर तो रिपोर्ट उघडून वाचला. शांतपणे, चष्मा वर करून. वाचून झाल्यावर म्हणाले, “चांगला लिहिलाय. मुलगा हुशार आहे.” मुलगा का मुलगी, खाली फक्त आद्याक्षरं आणि नोंदणी क्रमांक होता. सर उठले. दारापाशी जरा थबकले, मग बाहेर गेले. मी मागून गेले.

मॅडम बाकावर बसल्या होत्या. फोन मांडीवर, पडदा विझलेला. शेजारी डोंगराकडची वाटावी अशी एक बाई बसली होती, पदर डोक्यावरून घेतलेला, आणि तिचा हात मॅडमच्या हाताजवळ बाकावर टेकलेला. सरांना बघून मॅडम उठल्या नाहीत. फोन पुढे करून म्हणाल्या, “हे तुम्ही वाचलंत?”

“वाचलं.”

“ह्यात कुठे चूक असेल?”

सर त्यांच्या शेजारी बसले. “नाही. चूक नाहीये.”

मॅडमनी मान हलवली. वेटिंगमधला टीव्ही चालू होता. नंबर पुकारणारी मुलगी पुढचा नंबर पुकारत होती. ती लहान खोली आता स्टोअर झालेली, तिच्यात प्रिंटरचे कागद आणि सलाइनची खोकी होती. त्यामुळे त्यांना न्यायला जागासुद्धा नव्हती. ते दोघं तिथेच बसून राहिले, माणसांच्या मधोमध. मग मॅडम म्हणाल्या, “रिक्षा करू. बस नको.” एवढंच बोलणं झालं.

सर चार-पाच महिने होते. मी दोन-तीनदा गंगापूर रोडच्या घरी जाऊन आले. ते खाटेवर असायचे. बोलायचे कमी. क्लाउडबद्दल, रिपोर्टबद्दल एक अक्षर त्यांनी काढलं नाही. एकदा मात्र विचारलं, “ओझरची ती बाई आली होती का परत?” मी म्हटलं, आली होती, ठिपका तेवढाच आहे, वाढलेला नाही. “फोटो सापडला का लगेच, मागचा?” “लगेच सर.” त्यांना बरं वाटलेलं दिसलं. शेवटी शेवटी ते ओळखत नसत.

सर गेले तेव्हा अमरधामच्या स्मशानात दादा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, “ताई, ते सेटिंग मी बदलतोय. वाईट रिपोर्ट असला की आधी आपल्याकडे येईल, पेशंटला नाही. कुणीतरी बोलेल, मग सोडायचा.” त्याने खरंच तसं केलं. रिपोर्ट करणाऱ्या डॉक्टरांनी खूण केली की रिपोर्ट आमच्याकडे थांबायचा. पण बोलणार कोण, हा प्रश्न होता. सेंटरवर डॉक्टर नव्हता. मी बोलू शकत नव्हते, मला तो अधिकार नाही. मग पेशंटला पाठवणाऱ्या डॉक्टरला फोन लावायचा, ते ओपीडीत असायचे, ऑपरेशनमध्ये असायचे, उद्या म्हणायचे. रिपोर्ट पडून राहायचे. मनमाडहून आलेला एक माणूस दोन वेळा हेलपाटा मारून गेला आणि तिसऱ्यांदा काउंटरवर ओरडला की शेजारच्या सेंटरवाले तासाभरात देतात, तुम्ही काय लपवताय. त्याच्यापासून आम्ही लपवतच होतो. हॉस्पिटलांनी पेशंट दुसरीकडे पाठवायला सुरुवात केली. काही महिन्यांनी दादाने मला बोलावून सांगितलं, “ताई, मी ते काढून टाकतोय. बहुतेकांना लवकरच हवा असतो हो.”

वर्षश्राद्धानंतर मॅडमनी मला घरी बोलावलं. सरांची काही पुस्तकं द्यायची होती, मला उपयोग होईल असं त्यांना वाटलं. पुस्तकं बांधून ठेवलेली होती. चहा झाला. मग त्या आपणहून त्या दुपारचं बोलायला लागल्या. तोवर कधी बोलल्या नव्हत्या.

“तुला वाटत असेल मला धक्का बसला,” म्हणाल्या. “धक्का नव्हता तो. मेसेज आला, मला वाटलं बिल असेल. उघडलं. मला ते शब्द कळले, इंग्रजी शिकवलंय आयुष्यभर. पण मधे तीन शब्द कळले नाहीत. मला वाटलं, त्या तीन शब्दांतच असेल, की बरं होईल म्हणून. मग मी ते शब्द फोनवरच शोधत बसले. ह्यांना विचारायचं सोडून. हे आत होते, भिंतीपलीकडे, आणि मी तिथे बसून स्पेलिंग टाइप करतेय.”

त्यांनी रिकामा कप बाजूला सरकवला.

“शेजारी ती बाई होती ना, पेठकडची. तिच्या नवऱ्याच्या छातीचा फोटो होता. तिने विचारलं, लय वाईट हाय का? मी हो म्हटलं. तिलाच पहिल्यांदा सांगितलं मी, की माझा नवरा जगणार नाही. बहिणीला नाही, ह्यांनाही नाही. ती काही बोलली नाही. नुसती सरकून जवळ बसली. तुम्ही बाहेर येईपर्यंत तशीच बसून होती. तिचा नंबर पुकारला तरी उठली नाही.”

मला तो नंबर आठवत होता. तिचा नवरा आत एकटाच उभा राहिला होता, बाई कुठे गेली म्हणून विचारत.

मॅडम म्हणाल्या, “साखरपुड्याला गेलो आम्ही. हे जेवले नाहीत, पण हसत होते सगळ्यांशी. मला राग आला होता त्यांचा. वाटलं, सोमवारी सांगणार होते म्हणजे चार दिवस माझ्याशी खोटं वागणार होते. ते गेल्यावर मात्र वाटायला लागलं, ते चार दिवस मला मिळाले असते तर.”

बाहेर रस्त्यावर कुणाची तरी गाडी मागे घेताना पीपी वाजत होती. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “अजून तसंच येतं का गं तुमच्याकडे? सरळ मोबाईलवर?”

मी खरं ते सांगितलं. मधे बंद केलं होतं, पुन्हा सुरू झालं.

त्या उठल्या, कपबशा उचलून आत ठेवून आल्या. पुस्तकांचं गाठोडं माझ्या हातात देताना म्हणाल्या, “जड आहे. रिक्षाने जा.”

मी गाठोडं घेऊन खाली आले. रिक्षात बसले तेव्हा घोटीच्या मुलाचा फोन आला. एका म्हाताऱ्याचा स्कॅन झाला होता. त्याच्याकडे फोन नव्हता आणि त्याने मुंबईत कामाला असलेल्या पुतण्याचा नंबर दिला होता. रिपोर्ट पुतण्याला गेला होता आणि पुतण्याने फोन उचलणं बंद केलं होतं. म्हातारा बाकावर बसून होता, संध्याकाळची शेवटची एसटी जायच्या बेतात होती.

“ताई, तो विचारतोय, रिपोर्टमध्ये काय आलं. काय सांगू?”

मी त्याला विचारलं, “तू बघितलास का फोटो?”

“हो,” तो म्हणाला. त्याच्या आवाजावरून मला कळलं.

“त्याच्याबरोबर कुणी आहे?”

“नाही ताई. एकटाच आहे.”

रिक्षा सीबीएसच्या सिग्नलला अडकली होती. मी त्याला सांगितलं की म्हाताऱ्याला एसटीत बसवून दे, कंडक्टरला सांग, आणि त्याला म्हण की उद्या घरातलं कुणीतरी घेऊन या. तो बरं म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. पुतण्याचा नंबर लागत होता, पण उचलत नव्हता, आणि रिपोर्ट त्याने वाचलेला दिसत होता.